उगवतीकडून आलेले तीन फोन

आमच्या गल्लीत मला नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे 'हवामान' म्हणतात. "हवामान गेलं का बाजाराला?" "हवामानाला च्या द्या की!" तासगावच्या बाजारात एका भाजीवालीनं एकदा सहज विचारलं, "आज कसं हाय हो आभाळ?" झालं! मी पिशवी खाली ठेवली, मावळतीकडं तोंड केलं आणि दहा मिनिटं बोललो. तेवढ्यात तिनं चार गिऱ्हाइकं उरकली. मग म्हणाली, "व्हय व्हय. आता कोथमीर घेताय का फुडं सरकताय?" मी कोथिंबीर घेतली.

हे नाव पडलं फौजेमुळं. मी तोफखान्यात होतो, हवामानाच्या तुकडीत. तोफेचा गोळा लांबचा पल्ला मारतो. वर वारा कसा आहे ते कळलं नाही तर तो भलतीकडंच जाऊन पडतो. म्हणून आधी आभाळात फुगा सोडायचा, तो कुठं कुठं वाहत जातो ते यंत्रातून बघायचं, आणि त्यावरून साहेब लोकांनी गणित मांडायचं. यात माझं काम फुग्यात गॅस भरायचं. अठरा वर्षं मी देशासाठी फुगे फुगवले. गावात मात्र कुणी विचारलं, की "वेदर" एवढंच म्हणायचो आणि गप्प बसायचो. फौजेतला माणूस गप्प बसला की लोकांना वाटतं काहीतरी गुप्त आहे. माझं गुप्त एवढंच होतं की मला गणित येत नव्हतं.

पण पेन्शनीत आल्यावर माणसाला काहीतरी उद्योग लागतो. मी वळीव धरला. चैत्र उजाडला की आमच्याकडं दुपारी तापून तापून आभाळ फुगतं आणि चार-पाचच्या सुमाराला वारा, धूळ, गडगडाट, कधी गारा, असा अर्ध्या तासाचा तमाशा करून मोकळं होतं. तो कुठं पडेल याचा नेम नसतो. या गल्लीत पडेल, त्या गल्लीत धूळ उडेल. आणि नेमक्या त्याच दिवसांत बायकांची वाळवणं असतात. पापड, सांडगे, शेवया, मिरच्या, सगळं उन्हात. म्हणजे माझ्या विद्येला गिऱ्हाईक तयार होतं.

माझी पद्धत अशी. आमचं गाव सपाटीवर. इथून सह्याद्री दिसत नाही, पण त्याच्या डोक्यावर दुपारी उभे राहणारे ढग हवा स्वच्छ असली तर दिसतात. आधी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर येतात. मग वरचं टोक सपाट व्हायला लागतं, लोहाराच्या ऐरणीगत. ते सपाट झालं की समजायचं, आता कोसळणार. माझे साडू पाटणच्या वर डोंगरात राहतात. त्यांना मी रोज दुपारी एक वाजता फोन लावायचा.

"ढग हाय का?"

"हाय."

"केवढा?"

"मोठा हाय."

"वरनं सपाट झालाय का?"

"आवं, मी म्हशीला पाणी पाजतोय. तुमी येऊन बघा की एकदा!"

तर एकला डोंगरावर ढग, पाचला आमच्यावर पाऊस, हा माझा सिद्धांत. मोबाईलवर आभाळाचे फोटो येतात हल्ली, तेही बघायचो. पण ते फोटो जरा शिळे असतात, आणि मोबाईल तर अख्खा वैशाख सूर्य, ढग आणि वीज एकाच चौकोनात काढून मोकळा होतो. तसं सांगायचं तर मीपण सांगतो की! मी साडूंवर विसंबायचो.

सिद्धांत किती वेळा खरा ठरला, ते विचारू नका. शेजारच्या वैनी एकदा माझ्यासमोरच माझ्या बायकोला म्हणाल्या, "भाऊजी पडंल म्हणालं की मी पापड घालती, आन पडणार न्हाई म्हणालं की आत घेती. चार वर्सं झाली, माझा एक पापड भिजला न्हाई." बायको एवढी हसली की तिला ठसका लागला. मी पण हसलो. आतून जळालो ते वेगळं.

आता यात एक मोठं भोक होतं, आणि ते मला माहीत होतं. आमच्याकडं वळीव बऱ्याचदा उगवतीकडून येतो. हे शेंबडं पोर पण सांगेल. खालचा वारा काही म्हणू दे, वरचा वारा ढगाला ज्या बाजूला ढकलेल त्या बाजूला तो जातो, आणि कितीतरी दिवस तो वरचा वारा पूर्वेचाच असतो. मी अठरा वर्षं जे फुगे सोडले ते नेमकं हेच बघायला सोडले. म्हणजे पूर्वेला, आटपाडीकडं, एक माणूस पाहिजे होता. रोज एक वाजता फोन उचलून "इकडं ढग उभा राहिलाय" म्हणणारा.

माणूस होता. माझी सख्खी धाकटी बहीण तिकडंच दिलेली आहे. पण तिच्या घरी मी दोन वर्षं फोन केला नव्हता.

त्याचं कारण सांगतो. मला लाज वाटते, पण सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या पोराचं लग्न होतं, दारातच मांडव घालून, भर वैशाखात. सकाळपासून माझा जीव आभाळात. अक्षता पडायच्या वेळेलाच वळीव गाठणार, असं मी आठ दिवस आधीपासून सांगत होतो. साडू लग्नाला आलेले, त्यामुळं डोंगरावर कुणी नाही! मी मांडवाच्या मागं एका स्टुलावर चढून मावळतीकडं बघत उभा. फेटे बांधणारा दोनदा आला. "अजून कुणाला बांधायचा?" मी म्हटलं, "थांब रं, ढग बघू दे." तिसऱ्यांदा आला तेव्हा मी न बघताच हात केला, "त्या तिकडच्यांना बांध." तिकडं व्हिडिओ शूटिंगवाला उभा होता. त्याला बांधला. तो शेवटचा फेटा होता.

आणि दाजी, माझ्या बहिणीचा नवरा, या घरचा जावई, ज्याला पहिला फेटा बांधायचा, तो पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर उघड्या डोक्यानं बसला. त्याच्या मागं आमच्या गावचे झाडून सगळे फेटे बांधून. अक्षता पडेपर्यंत तो बसला. मग बहिणीला म्हणाला, "चल." जेवायला थांबला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघत होतो. हे मला बायकोनं नंतर सांगितलं.

त्या दिवशी पावसाचा एक थेंब पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोन करायला पाहिजे होता. केला नाही. म्हटलं, गडबडीत होतं असं, एका फेट्यासाठी जेवण सोडून जायचं म्हणजे काय? मग भाऊबीज आली. मला वाटलं ती येईल. तिला वाटलं असणार मी न्यायला येईन. दोघंही आपापल्या घरी बसलो. पुढच्या वर्षी तसंच. तिच्या हातून ओवाळून न घेता दिवाळी गेली की घशाखाली लाडू उतरत नाही, हे मला पन्नाशीनंतर कळलं. पण मी फौजेतला माणूस, मागं सरकायचं म्हणजे आदेश लागतो. आदेश कुणी देईना.

यंदा पाडव्याच्या आसपास कळलं, भाचीचं लग्न ठरलंय. कळलं तेही बाजारात, त्यांच्या गावच्या एका डाळिंबवाल्याकडून. "मामा, लगीन जवळ आलं की वो, कवा निघताय?" मी म्हटलं, "निघायचं की." आणि दोन किलो डाळिंबं घेऊन घरी आलो, जी आम्हाला कुणाला आवडत नाहीत.

आमच्याकडं पहिली पत्रिका कुलदैवताला आणि दुसरी मामाला. तीही पोष्टानं नाही. पोरीच्या आईबापानं मामाच्या दारात येऊन अक्षता-सुपारी हातात द्यायची. लग्नाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. ही भाची मी अंगाखांद्यावर खेळवलेली. सुट्टीवर आलो की माझी फौजेची टोपी घालून अंगणात फिरायची आणि मला सलाम करायला लावायची. तिच्या पाठीशी दुसरंच कुणी उभं राहणार, किंवा कुणीच उभं राहणार नाही, हे डोक्यात आलं की मी उठून स्लॅबवर जायचो आणि आभाळ बघायचो. आभाळात काही नसायचं.

दिवस चालले आणि पत्रिका येईना. बायको एक दिवस म्हणाली, "पत्रिका येऊ न्हाईतर न येऊ, भाचीच्या रुखवताला मामाच्या घरच्या कुरडया गेल्याच पायजेत. मी करणार. तुमी दिवस सांगा."

मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. कारण कुरडयांचं काम पापडासारखं नसतं. पापड आज मनात आलं, आज लाटलं. कुरडयाला गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून घालायच्या. एकदा गहू भिजला की तो थांबत नाही. आणि पाचव्या दिवशी कडक ऊन पाहिजेच, नाहीतर कुरडई आंबून वास मारते. म्हणजे आज रविवारी बसून गुरुवारचं आभाळ सांगायचं! मोठमोठे साहेबसुद्धा दचकतील. मी वहीत आकडे मांडले, साडूंना दोन फोन केले, अंगणात उभा राहून तंबाखूची चिमूट हवेत सोडली आणि जाहीर केलं, "गुरुवार. आभाळ लख्ख राहणार. पावसाचं नाव नको."

"गुरुवारच ना?" बायको म्हणाली. "बरं झालं. मी बी गुरुवारच धरला हुता. गहू आजच भिजवून झाल्यात."

तिनं माझ्या अंदाजाआधीच गहू भिजवले होते, याचं मला जरासुद्धा आश्चर्य वाटलं नाही. उलट वाटलं, माझ्या सहवासानं हिलाही आभाळ कळायला लागलं.

गुरुवारी पहाटे चुलीवर मोठं पातेलं चढलं. चीक ढवळायला बायको, आणि सोऱ्या दाबायला मी. पहिल्या चार कुरडया मी घातल्या, त्या बघून तिनं मला उठवलं. "ह्या कुरडया हायत का शेणाच्या गवऱ्या?" मग मी बाजूला बसून गरम चिकात तेल-मीठ घालून खाल्लं. ते काम मला जमतं. नऊ वाजेपर्यंत स्लॅबवर प्लॅस्टिकच्या कागदावर पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या ओळी लागल्या. बघून जीव सुखावला. आजूबाजूच्या एकाही स्लॅबवर वाळवण नव्हतं. एवढं लख्ख ऊन आणि एक मिरची बाहेर नाही. काय आळशी बायका, असं माझ्या मनात आलं. मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, पडणार नाही म्हणून. त्याचा आणि त्या मोकळ्या स्लॅबांचा काही संबंध असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

खाली बायकोनं पुरण घातलं होतं.

"आज पुरण?"

"गुरुवार हाय."

पलंगावर नवी चादर घातलेली. दारात सडा, रांगोळी. मला वाटलं, कुरडया चांगल्या झाल्या म्हणून खूश आहे. कोसावरच्या ढगाचं टोक सपाट झालं की नाही हे सांगणारा माणूस मी. घरात डाळ शिजतीय तर कुणीतरी येणार, एवढं मला वाचता येईना.

वर जाताना तिनं एकच सांगितलं. "आज कुणाचाबी फोन आला तर उचला. कुणाचाबी."

"उचलतो की!"

मी स्लॅबवर छत्री बांधून खुर्ची टाकली, तोंड मावळतीला. एक वाजता साडू म्हणाले, "डोंगुर कोरडा. एक ढग न्हाई. आता जेवू का?" मी म्हटलं, जेवा. डोंगर कोरडा म्हणजे आमचं काम झालं. मी पाय पसरले.

सव्वादोनच्या सुमाराला फोन वाजला. बघितलं तर 'धाकटी'. दोन वर्षांत पहिल्यांदा.  अंगठा हिरव्या खुणेवर गेला आणि तिथंच थांबला. म्हटलं, कशाला केला असेल? दाजीनं करायला लावला असणार. 'लग्नाला येऊ नका' म्हणून सांगायला. नाहीतर 'आता तरी चूक कबूल कर' म्हणायला. दोन वर्षं आठवण झाली नाही, आता लग्न दोन आठवड्यांवर आल्यावर फोन व्हय? वाजू दे.

वाजून बंद झाला. मग दुसऱ्यांदा वाजला. आता मला जरा बरं वाटायला लागलं. गरज तिला आहे, असं वाटलं. मग तिसऱ्यांदा. खरं सांगतो, तिसऱ्या वेळी मला आनंद झाला. मी ठरवलं, चौथ्यांदा वाजला की उचलायचा. लगेच नाही, चार रिंगा होऊ द्यायच्या आणि मग, "कोण बोलतंय?" असं म्हणायचं.

चौथ्यांदा वाजला नाही.

मी फोन मांडीवर ठेवून मावळतीकडं बघत बसलो. ऊन जरा मंद झाल्यासारखं वाटलं. मानेवर गार वारा लागला. म्हटलं, वा, आज लवकर गारवा सुटला. मग छत्री फडफडली. मग कुठंतरी पत्रा वाजला. आणि शेजारच्या वैनी त्यांच्या स्लॅबवरून जिवाच्या आकांतानं ओरडल्या, "भाऊजी! आवं, मागं बघा की मागं!"

मी मागं बघितलं. अख्खी उगवती काळी झाली होती. धुळीची भिंत वेशीपर्यंत आलेली.

पुढचं पाच मिनिटांत झालं. बायको धावत वर आली, मी प्लॅस्टिकचं एक टोक धरलं, तिनं दुसरं, आणि वाऱ्यानं ते आमच्या हातातून हिसकलं. छत्री गेली ती गेलीच. मग टपोरे थेंब, आणि त्यामागं गारा. कुरडयांवर गारा पडायला लागल्या तेव्हा कुठली कुरडई आणि कुठली गार ते कळेना. पाच दिवसांची मेहनत पन्हाळातून पांढरं पाणी होऊन गल्लीत वाहायला लागली. आम्ही जिन्यात उभे राहिलो, दोघंही नखशिखान्त भिजलेले. मला वाटलं आता ती ओरडणार. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"फोन आला हुता का?" तिनं विचारलं.

"कुणाचा?"

"कुणाचाबी."

"आला हुता. तीनदा."

"उचलला?"

मी फोन ओल्या सदऱ्याला पुसायला लागलो. ती पायरीवर खाली बसली. म्हणाली, "आवं, ती दोघं गाडीवर हायत. बाराला निघाल्यात घरनं. तुमाला पत्रिका द्यायला."

मग सगळं कळलं. या दोघी, नणंद-भावजय, दोन वर्षं एक दिवसाआड फोनवर बोलत होत्या. रुसवा काय तो आम्हा दोघा बाप्यांचा. गुरुवार दोघींनी मिळून ठरवला होता. ती आली की तिला स्लॅबवर नेऊन दाखवायचं होतं, बघ, मामाच्या घरी तुझ्या लेकीचं रुखवत चाललंय. मला आधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी फुगून बसलो असतो. बरोबरच आहे. फुगवण्यातच तर माझी सगळी नोकरी गेली.

मी फोन लावला. 'स्विच ऑफ.' परत लावला. स्विच ऑफ. आता माझी जी अवस्था झाली ती मी कुणाला सांगितलेली नाही. आटपाडीहून विट्यावरून आमच्याकडं यायचा रस्ता म्हणजे नुसता माळ. आडोसा नाही, झाड असलं तर एकटं, आणि विजेच्या वेळी एकट्या झाडाखाली उभं राहायचं नसतं. फौजेत आम्हाला शिकवलेलं, वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला एक किलोमीटर. मी दारात उभा राहून मोजत होतो. बारा. नऊ. परत नऊ. मोजून काय करणार होतो? पण थांबता येईना. प्रत्येक चमकीला मनात यायचं, त्या तीन फोनांत ती काय सांगत होती? 'दादा, आम्ही अडकलोय' म्हणत असेल तर? आणि मी चार रिंगा मोजणार होतो! माझ्या एका बाजूला पोराच्या लग्नात न पडलेला पाऊस, आणि दुसऱ्या बाजूला हा. देवाला म्हटलं, यापुढं मी आभाळाबद्दल अवाक्षर काढणार नाही, ती दोघं तेवढी घरी येऊ देत.

पाऊस ओसरल्यावर तासाभरानं गल्लीच्या तोंडाला दोन माणसं दिसली. गाडी ढकलत येत होती, इंजिनात पाणी गेलेलं. दाजीचा सदरा अंगाला चिकटलेला. बहिणीनं पदराखाली एक प्लॅस्टिकची पिशवी छातीशी घट्ट धरलेली. मी अनवाणीच धावलो. तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

दोन वर्षांनी माझी बहीण माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते असं. "दादा, वैनीच्या कुरडया भिजल्या का रं?"

मी भर गल्लीत रडलो. सगळ्या स्लॅबांवरून बायका बघत होत्या. बघू देत म्हटलं.

"विट्याच्या फुडं टपरीत थांबलो हुतो," दाजी म्हणाला. माझ्याकडं न बघता, गाडी स्टँडला लावत. "गारा पडून गेल्या, आन ढग सरळ तुमच्या अंगावर निघाला. हिला म्हणलं, फोन कर त्या हवामानाला. त्यो मावळतीकडं त्वांड करून बसला आसंल. तीनदा केला. मग हिचा फोनच भिजून बंद पडला."

म्हणजे तो फोन दाजीनं करायला लावला होता, हा माझा अंदाज बरोबर निघाला. आयुष्यातला तेवढा एकच.

आत आल्यावर बायकोनं टॉवेल दिले, च्या ठेवला. मी पेटीतून फेटा काढून आणला. लग्नानंतर आठ दिवसांत कराडहून आणून ठेवला होता, दोन वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होता. दाजीपुढं धरला आणि म्हटलं, "दाजी, चुकलं माझं. बसा, बांधतो."

त्यानं फेट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "वल्ल्या डोस्क्याला फेटा बांधत्यात व्हय?" म्हणाला आणि टॉवेलनं डोकं पुसत राहिला. पण पुरणपोळ्या सहा खाल्ल्या.

पत्रिका कोरडी होती. अक्षता मात्र ओलावल्या होत्या आणि त्यांची हळद पत्रिकेच्या कडेला उतरली होती. बहिणीनं ती माझ्या हातात दिली, सुपारी ठेवली, आणि मी खाली वाकायच्या आधीच ती माझ्या पाया पडली. मग दोघी जिन्यानं वर गेल्या. मी मागनं गेलो तर एका कोपऱ्यात चिकटून राहिलेल्या चार कुरडया दोघी उचलत होत्या. त्या माझ्या पहिल्या चार होत्या, गवऱ्यांसारख्या. जाड होत्या म्हणून टिकल्या. बहीण म्हणाली, "माझ्याकडं डबाभर केलेल्या हायत वैनी. त्याच मामाच्या घरच्या म्हणून मांडू. कुणाला कळतंय?" त्यावर दोघी अशा हसल्या की खाली दाजीपर्यंत ऐकू गेलं असणार. शेजारच्या वैनींनी पलीकडून विचारलं, "भाऊजी, उद्या कसं हाय?" मी म्हटलं, "मला म्हाईत न्हाई." त्यांची पंचाईत झाली. उलटं कशाचं धरायचं?

लग्न मेमध्ये, आटपाडीला, दाजीच्या दारात मांडव घालून झालं. रुखवतात मधोमध कुरडया होत्या, वर चिठ्ठी, 'मामाकडून'. सगळ्यांनी नावाजल्या. मी मान हलवली. त्यांच्या शेजारी एका वाटीत त्या चार गवऱ्यापण बहिणीनं मांडल्या होत्या. त्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

सकाळी फेटे बांधणारा आला तेव्हा दाजीच्या डोक्यावर मी आणलेला तोच फेटा होता. डांबराच्या गोळ्यांचा वास चार हातांवरून येत होता. दाजीनं माझा दंड धरून मला खुर्चीवर बसवलं आणि त्या माणसाला म्हणाला, "पयला ह्यांना बांध. आन आसा बांध, की ह्यांनी मान वर केली की सुटला पायजे."

त्यानं तसाच बांधला. मी दिवसभर मान सरळ ठेवून होतो. अक्षतांच्या वेळी भाचीच्या पाठीशी उभा राहिलो. तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिनं मागं न बघता दोन बोटं कपाळाला लावून मला हळूच सलाम केला.

त्या दिवशी आटपाडीला आभाळ कसं होतं, ते मात्र मला विचारू नका. मी बघितलं नाही.